पूर्वपक्ष आणि चाळीस मिनिटे

मला इंग्रजी येते की नाही, हा प्रश्न सदुसष्ट वर्षांत कोणी उपस्थित केला नव्हता. पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. त्या काळात रजेचे सारे अर्ज मुख्याध्यापकांकडे इंग्रजीतून दिले आणि ते मंजूर झाले. याहून मोठा दाखला मी मागितला नाही, जगानेही मागितला नाही. परंतु गेल्या डिसेंबरात विलायतेतल्या एका विद्यापीठाने मला वर्षभरासाठी अभ्यागत विद्यार्थी म्हणून जागा देऊ केली, आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात अत्यंत सौजन्याने कळवले की, आमची भाषा आपणांस अवगत असल्याचे प्रमाण ३१ मार्चपर्यंत मिळावे. त्यासाठी एक परीक्षा असते. तिचे चार विभाग : ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे. प्रत्येकात किमान साडेसहा गुण हवेत. एका विभागात जरी सहा पडले तरी जागा रद्द.

या वयात विद्यार्थी होण्याचे कारण सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची सारी धावपळ म्हातारचळ वाटेल. आमच्या गुरुजींनी न्यायशास्त्रावरील एका दुर्मिळ टीकेचे संपादन बावीस वर्षे केले. पुण्यातल्या पोथीत अकरा पाने गहाळ. ती पाने असलेली दुसरी पोथी त्या विलायती ग्रंथालयात आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी कोण्या साहेबाने प्रेमाने तिला चामड्याची बांधणी करवली आणि समासातली बारीक अक्षरे शिवणीत गडप झाली. छायाचित्रांत ती दिसत नाहीत. पोथी हातात घेऊन, शिवणीपाशी बोट ठेवून वाचावी लागते, आणि हातात घेण्याचा अधिकार तिथल्या नोंदणीकृत विद्यार्थ्यालाच आहे. गुरुजींनी त्या जागी पेन्सिलीने एवढेच लिहून ठेवले, 'येथे थांबलो.' मग ते बाड माझ्या हाती दिले. माझ्या पाठीमागे ते घ्यायला कोणीही उभे नाही. तेव्हा मी साडेसहा गुण मिळवले तर ती अकरा पाने उजेडात येणार होती. न मिळवले तर बाड रद्दीतच जाणार होते.

परीक्षेचा अर्ज संगणकावर भरायचा होता. तो अडला म्हणून मदत केंद्राला दूरध्वनी केला. पलीकडच्या मुलीने नाव, जन्मतारीख विचारून घेतली आणि जन्मतारीख पुन्हा एकदा विचारली. मग म्हणाली, कँडिडेटला फोन द्या. मी म्हणालो, मीच बोलतो आहे. ती म्हणाली, तसं नाही सर, ज्याला परदेशी शिकायला जायचंय त्याला द्या. मी पुनश्च निवेदन केले की ती व्यक्ती मीच. यावर तिने मला संगीत ऐकवत ठेवले. सुमारे नऊ मिनिटांनी एक वरिष्ठ गृहस्थ आले आणि त्यांनीही प्रथम कँडिडेटलाच मागितले. अखेर ८ मार्चची एकुलती एक जागा मिळाली. त्यापुढची तारीख थेट एप्रिलात होती. म्हणजे परीक्षा एकदाच. नापास व्हायचेही एकदाच.

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत बातमी फार लपत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा रोहन दोन वर्षे परदेशी राहून आला आहे, तो जिन्यात गाठून म्हणाला, "काका, ग्रामरचं टेन्शन नका घेऊ. फ्लोमध्ये बोला. चुकलं तरी चालतं." चुकले तरी चालते, हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच ऐकले. पाठशाळेत एक मात्रा ढळली तर गुरुजी आरंभापासून म्हणायला लावीत. त्या दिवशी मला नीट जेवण गेले नाही.

शेजारचे दशरथराव मात्र कामाचे निघाले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षे काढलेला हा माणूस. सल्ला देताना शब्द मोजून देतो. त्यांची कन्या कल्याणी याच परीक्षेचे वर्ग चालवते. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, उद्या चारला क्लासला जा. चार म्हणजे चार."

विद्यारंभ रिक्त हस्ते करू नये, म्हणून मी नारळ आणि फुले घेऊन गेलो. कल्याणीताई एकोणतीस वर्षांच्या. मी नारळ पुढे ठेवून वाकलो, तशा त्या फळ्यापर्यंत मागे सरकल्या आणि म्हणाल्या, काका, असं नका करू. मी म्हणालो, इथे आपण गुरू आहात, वयाचा प्रश्न येत नाही. सतरा मुलामुलींनी हे दृश्य आपापल्या फोनमध्ये टिपले. संध्याकाळी दशरथरावांना ते कळले. ते गॅलरीत आले आणि म्हणाले, "आमच्या आजोबांच्या काळात शास्त्री आमच्या पोरीपुढं वाकला असता, तर ते बघायला गावानं तिकीट काढलं असतं." त्यांनी चहा सांगितला.

ऐकण्याच्या विभागात पहिला घात झाला. ध्वनिमुद्रण एकदाच वाजते. आमची शिकण्याची रीत संथेची : गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा म्हणायचे, कान आणि जीभ यांची ही जोडी साठ वर्षांत फुटलेली नाही. कानांवर हेडफोन चढले, आतली बाई बोलू लागली, आणि मी तिचे प्रत्येक वाक्य तिच्यामागून दोनदा म्हणू लागलो. कान झाकलेले असल्यामुळे आपला आवाज किती लागतो आहे याचा अंदाज मला नव्हता. शाळेत माझा आवाज मैदानापर्यंत पोचत असे. चाचणी संपल्यावर कल्याणीताईंनी उत्तरपत्रिका तपासल्या, तर सातव्या प्रश्नाला अठरा जणांचे उत्तर एकच, आणि चुकीचे. ग्रंथालय मंगळवारी बंद असते, असे मी ऐकले होते. सर्वांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. शिक्षक म्हणून एवढे आज्ञाधारक विद्यार्थी मला कधी लाभले नव्हते. पुढचा महिनाभर मी दातांत रुमाल धरून श्रवण केले.

परंतु खरी भीती लिहिण्याची होती, आणि तिचे मूळ माझ्या अज्ञानात नव्हते, शिक्षणात होते. निबंधाला चाळीस मिनिटे आणि अडीचशे शब्द. कल्याणीताईंचे म्हणणे असे की आपले मत पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे. हे मला कसे मान्य व्हावे? आमच्या शास्त्रात आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे. तेही असे मांडायचे की खुद्द प्रतिपक्षाने येऊन ऐकले तर त्याने म्हणावे, मला इतके चांगले सुचले नसते. मग त्याचे खंडन. आणि सर्वांत शेवटी आपला सिद्धान्त. पाहुणे जेवण्याआधी यजमानाने ताटावर बसू नये, तसेच हे.

"काका, पण समोर कुणीच नाहीये," कल्याणीताई म्हणाल्या. "तुम्ही एकटेच आहात."

"म्हणूनच त्याची बाजू मला नीट मांडली पाहिजे," मी म्हणालो. "तो बिचारा इथे येऊन बोलू शकत नाही."

त्यांनी डोळे मिटून दोन श्वास घेतले. पुढे त्यांच्या वर्गात हा एक परिपाठच झाला.

पहिल्या सराव निबंधाचा विषय प्राणिसंग्रहालये बंद करावीत का, असा होता. बंद करावीत असे माझे मत. ती का चालू राहावीत याची सहा कारणे मी इतक्या आस्थेने लिहिली की वाघाला पिंजऱ्यातच बरे वाटते असे वाचणाऱ्याला वाटावे. वेळ संपली. माझे मत कागदावर आलेच नाही. गुण पाच. दुसऱ्या निबंधात मी शाकाहाराविरुद्ध इतके प्रभावी लिहिले की सौभाग्यवती उल्काने कागद पाहून दिवसभर माझ्याशी बोलणे कमी केले.

मग दशरथराव घड्याळ घेऊन समोर बसू लागले. पहिल्या दहा मिनिटांत प्रतिपक्ष आटोपला नाही तर ते टेबलावर दोनदा बोट वाजवीत. "आमच्याकडे वेळ चुकली की माणूस जायचा," ते म्हणत. "तुमचा फक्त परिच्छेद जातो. लिहा." त्यांच्या धाकाने फेब्रुवारीअखेर माझा निबंध सिद्धान्तासह त्रेचाळीस मिनिटांत पुरा होऊ लागला. वरची तीन मिनिटे काही केल्या कमी होईनात. मला रात्री झोप लागेना. झोप लागली तर स्वप्नात टेबल वाजे.

८ मार्चला सकाळी साडेसातलाच मी केंद्रावर हजर झालो. दारावरच्या रखवालदाराने अत्यंत आदराने मला हाताला धरून एका दालनात नेले आणि पंख्याखाली बसवले. तिथे माझ्या वयाची बरीच मंडळी होती. परीक्षेपूर्वी ज्येष्ठांना वेगळे बसवण्याची ही पद्धत मला स्तुत्य वाटली. अर्ध्या तासाने शेजारच्या बाईंनी विचारले, तुमची नात की नातू? तेव्हा समजले की ते पालकांचे दालन होते. मी धावत बाहेर आलो. या वयात माझे धावणे म्हणजे इतरांचे चालणे. प्रवेश बंद व्हायला सहा मिनिटे उरली होती.

रांगेत तपासणीचे यंत्र माझ्या कमरेपाशी येऊन किंचाळले. ज्या कपाटात गुरुजींचे बाड आहे, त्याची किल्ली मी जानव्याला बांधून ठेवतो. वडीलही तिजोरीची अशीच बांधत. तपासनीसाने वरिष्ठाला बोलावले. वरिष्ठाने नियमपुस्तक उघडले. किल्ली निषिद्ध होती. सूत्राविषयी काही लिहिलेले नव्हते. किल्ली सोडा म्हणाले. गाठ अकरा वर्षांपूर्वीची, ती सुटेना. कात्री मागितली, तर केंद्रात कात्री आणायला बंदी. शेवटी रांगेतल्या पूर्वा नावाच्या मुलीने, अजून जप्त न झालेल्या आपल्या केसांच्या पिनेने, सदऱ्याच्या आत हात घातलेल्या एका वृद्धाची गाठ सोडवली. मागे चाळीस तरुण शांतपणे पाहत होते. इतकी शांतता मला वर्गात कधी राखता आली नव्हती.

पुढे अंगठ्याचा ठसा. यंत्राने तीनदा नकार दिला. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत." मी म्हणालो, होत्या, खडूने गेल्या. तिने माझे छायाचित्र काढले आणि आत सोडले. ते छायाचित्र मी पाहिले नाही, पण जामीन मिळालेल्या माणसासारखे ते असावे.

ऐकणे पार पडले. रुमाल जप्त झाला होता, म्हणून मी जीभ दातांत धरली. वाचणे उत्तम झाले. मग निबंधाचा कागद आला. विषय वाचला आणि पुन्हा आरंभापासून वाचला. विद्यापीठांतील जागा तरुणांनाच द्याव्यात, वृद्धांना देणे हा साधनांचा अपव्यय होय, असे काहींचे मत आहे. आपण कितपत सहमत आहात?

एवढ्या जगात मला नेमका हाच प्रतिपक्षी भेटावा. आणि तो अनुपस्थित. त्याची वकिली माझ्याच गळ्यात. आपल्या हिताचा प्रश्न असला म्हणजे प्रतिपक्षाला अधिकच न्याय द्यावा, ही गुरुजींची शिकवण. तिला मी त्या दिवशी जागलो. लिहिले की, एका वृद्धाला दिलेल्या जागेसाठी दाराबाहेर एक तरुण उभा असतो. वृद्धाच्या विद्येला फळे धरायला अवधी नसतो. वृद्ध नवीन काही शिकत नाही. आपलेच जुने ज्ञान नव्या कागदात गुंडाळून घरी नेतो. तो आजारी पडला तर परक्यांना भार. आणि पाचवे, चाळीस वर्षे ज्या माणसाने याच्या वेळापत्रकाप्रमाणे आपला दिवस काढला, त्या माणसाला हा आपल्या हौसेपायी रिकाम्या घरात ठेवून जातो. हे लिहिताना पेन अडखळले. परंतु प्रतिपक्षाच्या पदरातले काढून घेणे ही चोरी होय. तेव्हा तेही सविस्तर लिहिले, आणि या पाचही कारणांवरून वृद्धांस जागा देऊ नये हे सिद्ध होते, असे त्याच्या वतीने वाक्य पुरे केले. मग 'तथापि' लिहिण्यासाठी नव्या ओळीवर पेन टेकवणार, तोच घंटा झाली. टेबल वाजवायला दशरथराव तिथे नव्हते.

दुपारी बोलण्याची परीक्षा. परीक्षक बाई प्रेमळ होत्या. त्यांनी विचारले, आपणांस उत्तम येणारी एखादी गोष्ट सांगा, दोन मिनिटे बोला. स्वतःच्या तोंडाने स्वतःची थोरवी सांगावी, असा प्रसंग मजवर कधी आला नव्हता. मी नम्रपणे म्हणालो की मला काहीच उत्तम येत नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मीही पाहिले. ते चालले होते. मग मी म्हणालो की माझ्या गुरुजींना मात्र फार येत असे, आणि बोलतच सुटलो. दोन मिनिटांनी त्यांना मला हाताने थांबवावे लागले.

बाहेर कल्याणीताई उभ्या होत्या. निबंध कसा झाला, त्यांनी विचारले.

"पूर्वपक्ष उत्तम झाला," मी म्हणालो.

"आणि तुमचं मत?"

"वेळ संपली."

त्यांनी मला दुचाकीच्या मागे बसवून घरी पोचवले आणि वाटेत दोनदा नुसताच हॉर्न वाजवला.

निकालाला तेरा दिवस होते. ते मी कसे काढले हे विस्ताराने सांगत नाही. बुधवार पेठेत जाऊन दगडूशेठसमोर हात जोडून उभा राहिलो, तर मागणे सुचेना. मला जागा मिळू नये हे मीच सप्रमाण लिहून दिले होते, आता कोणत्या तोंडाने मागावे? बाडाला नवा रुमाल बांधला आणि ते कुठल्या संस्थेच्या पायरीवर ठेवून यावे याचा विचार करू लागलो.

एकवीस तारखेला कल्याणीताई पायात चप्पल नसताना धावत आल्या. ऐकणे साडेसहा. वाचणे आठ. बोलणे साडेसहा. लिहिणे साडेसात. परीक्षकाने माझा पूर्वपक्ष हाच माझा सिद्धान्त धरला होता, आणि त्याला तो विलक्षण पटला होता. त्या परीक्षेत मत कोणते याला गुण नाहीत, ते कसे मांडले याला आहेत, असे कल्याणीताईंनी सांगितले. दशरथरावांनी निकालाचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही येऊ नये हे तुम्ही इतकं छान सांगितलंत, की त्यांनी या म्हणून कळवलं."

सर्वांनी पेढे खाल्ले. मी एक तोंडात धरून बसलो. माझी अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती. वादाचा नियम स्पष्ट आहे : ज्या पक्षाचे खंडन झाले नाही, तो मान्य केला असे समजावे. वृद्धाला जागा देऊ नये हे मी लिहिले, सही केली, त्यावर साडेसात गुण घेतले. खंडन केल्यावाचून ती जागा स्वीकारणे म्हणजे गुरुजींच्या ग्रंथासाठी गुरुजींचाच नियम मोडणे. तेव्हा रोज सकाळी मी खंडन लिहायला बसे आणि दुपारी कोरा कागद घडी करून ठेवी. पाचही कारणे मी फार काळजीने बांधली होती. एकही ढिले लागेना.

जागा स्वीकारत असल्याची कळ संगणकावर ३१ मार्चला, आपल्याकडच्या दुपारी साडेचारपर्यंत दाबायची होती. त्या दिवशी चार वाजता उल्का मेथीची जुडी आणि चाळणी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. दहा दिवस तिने काही विचारले नव्हते.

"अहो, अडलंय काय?"

मी सर्व सांगितले. ती म्हणाली, ते लिहिलेलं मराठीत सांगा. मी पाचही मुद्दे क्रमाने सांगितले. पाचव्याला माझा आवाज खाली गेला. ती पाने खुडत राहिली.

"हे तुम्ही इंग्रजीत लिहिलंत?"

"हो."

"चाळीस मिनिटांत?"

"हो."

"डिसेंबरात लिहिता आलं असतं?"

मी विचार केला. डिसेंबरात माझे इंग्रजी रजेच्या अर्जापलीकडे गेले नव्हते. "नाही," मी म्हणालो.

"मग म्हातारा नवीन काही शिकत नाही, हे खोटं आहे," ती म्हणाली, आणि एक पिवळे पान बाजूला टाकले.

मी मुका आहे असे कोणी ओरडून सांगावे, तसे माझे ते इंग्रजी वाक्य होते. उच्चारताक्षणी स्वतःलाच कापणारे. याला आम्ही वदतोव्याघात म्हणतो, आणि तो मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहून शिकवला आहे. दहा दिवसांत मला तो दिसला नाही. निष्कर्ष मी पाच खांबांवर मिळून उभा केला होता; एक निघाला की तो खाली आलाच. वादसभांत मी मोठमोठ्या पंडितांपुढे बसलो आहे, पण मेथी निवडता निवडता इतक्या कमी शब्दांत मला कोणी पाडले नव्हते.

चार वीस झाले होते. मी कळीवर बोट ठेवले आणि तसेच ठेवून राहिलो.

"आणि पाचवा मुद्दा?" मी विचारले.

तिने काड्या गोळा करून वर्तमानपत्रात गुंडाळल्या. पुडीला नीट घड्या घातल्या. बराच वेळ लावला.

"त्याला उत्तर नाही," ती म्हणाली. "दाबा तुम्ही."

मी दाबले.